साहेबराव खिडकीत

निरवांगीच्या साहेबरावांची प्रियदर्शनी टायफॉईडमधून उठली खरी, पण शाळेत जायला काही केल्या तयार होईना. चौथीचं वर्ष, चार महिने गैरहजर, त्यात तापानं केस गळून डोकं पार उघडं पडलेलं. "पोरं हसत्यात," एवढंच म्हणायची आणि डोक्याचा रुमाल आणखी घट्ट बांधायची. पेढे झाले, नवी चप्पल झाली, तिच्या आईचं, म्हणजे ताईबाईंचं रडूनही झालं. एकदा ओढत नेलं, तर दाराची चौकट सोडेना. परीक्षा महिन्यावर आली, तशी साहेबरावांनी हाय खाल्ली. पोरीची शाळा सुटली ती सुटलीच, असं त्यांना वाटू लागलं.

"आधी रिकामी शाळा दाखवा. भीती मोडेल," गुरुजींनी सुचवलं.

रविवारी दुपारी शिपाई महिपतीनं वर्ग उघडून दिला आणि तो इंदापूरच्या बाजाराला गेला. बापलेक बसकरपट्टीवर बसले. प्रियदर्शनीचा हात रुमालावरच.

"बरं, तू बाई हो. मी पोरगं," साहेबराव म्हणाले.

बाईंनी डोळे मिटून तेराचा पाढा म्हणायला सांगितलं. साहेबराव 'तेरा साते'पाशी अडखळले, तेवढ्यात बाहेर कडी वाजली. नवरा कुलूप लावायचं विसरला असं समजून महिपतीची बायको भामाबाई ते लावून चालली होती. तिला ऐकू कमी यायचं. साहेबरावांच्या हाका वाया गेल्या.

खिडकीचा एक गज निघालेला होता. तापानं काटकुळी झालेली प्रियदर्शनी त्यातून सहज बाहेर पडली. तिच्यामागं साहेबरावही घुसले आणि कमरेपाशी अडकले. ना पुढं, ना मागं.

"पप्पा, श्वास सोडा!"

"सोडलाय की! आता घ्यायला येईना! जा, चावी आण. आन् कुणाला सांगू नको."

भामाबाई घरी नव्हती. म्हणून प्रियदर्शनीनं वर्गातल्या मेघनाला विचारलं, मेघनानं सोमनाथला आणि सोमनाथनं गावाला. अर्ध्या तासात अख्खी चौथी खिडकीसमोर हजर झाली. कुणीतरी गोडेतेलाची बाटलीही आणली. धावपळीत प्रियदर्शनीचा रुमाल कुठं पडला, तिलाही कळलं नाही. साहेबराव समोर असताना तिच्या डोक्याकडं बघतो कोण?

"तेल हिकडनं वता! सोमनाथ, हात वड!" ती ओरडत होती, आणि मधेच पोट धरून हसतही होती. चार महिन्यांत ती हसलेली साहेबरावांनी पाहिली नव्हती. पण त्या घडीला त्यांना त्याचं सुख कसलं! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

शेवटी रानातून भामाबाई आली. खिडकीकडं बघून तिनं कपाळाला हात लावला.

"अगं बया! आवो साहेबराव, शाळंतनं भायेर पडाय खिडकी कशाला? मला चावी मागायची की!"

कुलूप निघालं. दोघा पोरांनी आतून पाय ओढले. साहेबराव तेलानं निथळत, फाटक्या सदऱ्यानं घरी गेले.

सोमवारी प्रियदर्शनी आपण होऊन दप्तर घेऊन निघाली. साहेबराव मात्र दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी ती परतली, ती बोलून बोलून घसा बसलेली.

"पोरं हसली का गं?" साहेबरावांनी भीत भीत विचारलं.

"लई हसली. पण तुमाला." तिनं दप्तर खाली ठेवलं. "आन् पप्पा, मेघनाचा भाऊबी शाळंत येत न्हाय. तिच्या आईनं इचारलंय, येत्या रविवारी तुमाला सवड हाय का?"