मास्तरांचा शिवलेला खिसा

"आडवा काप म्हणजे असं काय मोठंसं? फळी ठेवायची, करवत ओढायची, झालं!" मास्तर जेवता जेवता बोलून गेले आणि वाढणाऱ्या बायकोच्या हातातला डाव तिथल्या तिथे थांबला.

बाईच्या तोंडचं पाणी पळायला कारण होतं. मास्तर व्हायोलिन शिकवत. त्यांचं घर चालायचं ते डाव्या हाताच्या चार बोटांवर. ती बोटं तिनं लग्न झाल्यापासून काचेच्या सामानासारखी सांभाळली होती. भाजी चिरायची तिनं, बरण्यांची घट्ट झाकणं उघडायची तिनं, खिडकीची खिट्टी लावायची तीही तिनंच. त्यात येत्या रविवारी मोठ्या सभागृहात मास्तरांचं एकट्याचं वादन होतं. या एका संध्याकाळची वाट पाहता पाहता मास्तरांचे केस पिकले होते. आणि आदल्याच दिवशी हा गृहस्थ करवतीला हात घालायला निघाला होता!

दोष सासूबाईंचा. त्यांनी जन्मभर शिवणकाम केलेलं. दोऱ्यांची रिळं ठेवायला त्यांना भिंतीवर एक छोटी मांडणी हवी होती. धाकटा जावई सुतार, तेव्हा तो करून देईल, असं त्या शेजारणीला सांगत होत्या. तिथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाल्या, "मोठ्याचं काही सांगू नका. त्याला खिळा ठोकायचा तरी माणूस लावावा लागतो." मोठा जावई नेमका दारात चपला काढत होता. ते वाक्य त्याच्या काळजात जाऊन रुतलं.

शनिवारी दुपारी मांडणीच्या तीन फळ्या स्वतः कापायला मास्तर साडूच्या कारखान्यात हजर झाले. मागोमाग बायकोही, शिवणाची पिशवी काखोटीला मारून. नवऱ्यावर नजर ठेवता ठेवता चार बटणं लावून होतील, हा तिचा हिशोब.

यंत्र पाहिलं आणि मास्तर दोन पावलं मागे सरले. टेबलावर एक लोखंडी हात आडवा पसरलेला, त्या हाताखाली मोटार टांगलेली आणि मोटारीला ताटाएवढं दातेरी पातं. मूठ धरायची आणि ते चालू पातं फळीवरून चक्क आपल्या अंगाकडे ओढायचं! मास्तरांना वाटलं होतं, करवत माणसापासून दूर जात असेल. निदान तेवढी माणुसकी तिच्यात असेल.

साडूनं शांतपणे समजावलं. फळी मागच्या पट्टीला घट्ट टेकवून शिकंज्यानं आवळायची, म्हणजे ती धरायला हात लागत नाही. पात्याच्या वाटेत काहीही ठेवायचं नाही. पातं लाकडात शिरलं की ते स्वतःच पुढे धाव घेऊ पाहतं, म्हणून उजवा हात ताठ ठेवून त्याला आवरत आवरत ओढायचं. काप झाला की पातं मागे ढकलायचं, बटण बंद करायचं आणि ते पुरतं थांबेपर्यंत कशालाही शिवायचं नाही.

"आणि डावा हात?" बायकोनं विचारलं.

"डाव्याचं काही काम नाही. खिशात ठेवा, म्हणजे विषयच संपला," साडू म्हणाला.

पण बाईच्या दृष्टीनं विषय इथंच सुरू होत होता. मास्तरांचा डावा हात ती ओळखून होती. मास्तर बोलू लागले की तो उठायचा, रागावले की उठायचा, घाबरले तर सगळ्यात आधी उठायचा. अशा हाताच्या शब्दावर कोण विसंबणार? तिनं मास्तरांना हात खिशात घालायला लावला, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि सदऱ्याची बाही पँटच्या खिशाच्या काठाला शिवून टाकली. दुहेरी दोऱ्यानं! साडूनं डोकं खाजवलं. असला बंदोबस्त त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पण यात धोका काय, तेही त्याला सांगता येईना.

दोरा तोडायला कात्री हवी म्हणून बाईनं सुई क्षणभर खिशाच्या कापडात टोचून ठेवली. तेवढ्यात साडूनं मोटार चालवून दाखवली. त्या आवाजानं दचकून तिनं दोरा दातांनीच तोडला आणि कानांत बोटं घालून ती लाकडांच्या ढिगाआड जाऊन उभी राहिली.

पहिला काप मास्तरांनी जीव मुठीत धरून केला. मूठ एका हातात, जीव दुसऱ्या, शिवलेल्या. डोळे गच्च मिटून त्यांनी पातं अंगाकडे ओढलं, मागे ढकललं, बटण बंद केलं आणि विजयी मुद्रेनं डोळे उघडले. फळी अखंड होती. सुरक्षिततेसाठी म्हणून मास्तरांनी पात्याची उंची स्वतःच लावली होती आणि ती इतकी सुरक्षित लावली होती की पातं फळीच्या वरूनच फिरून आलं होतं. साडू भिंतीकडे तोंड करून बराच वेळ खोकत राहिला.

मग त्यानं पातं खाली घेतलं आणि डोळे उघडे ठेवायची ताकीद दिली. मग ती आणि पुढची, अशा दोन फळ्या मात्र छान कापल्या गेल्या. काटकोनात, गुळगुळीत. मास्तरांना कंठ फुटला. यात एक लय असते, व्हायोलिनच्या गजासारखीच, असं ते साडूलाच शिकवू लागले. फक्त बायकोचा जीव अजून टांगणीला होता. आता एकच फळी उरली होती.

ती अर्ध्यावर कापली गेली आणि मास्तरांना रविवार आठवला. ते सभागृह, ते लोक, ती दुसऱ्या भागातली अवघड जागा! मास्तरांची एक जुनी खोड होती. भीती वाटली की डाव्या हाताची बोटं आपोआप ती अवघड जागा वाजवू लागत. खिशातल्या अंधारात ती भराभर नाचू लागली आणि मधलं बोट एका सुरावर जोरात दाबलं गेलं.

"बोट!" मास्तर किंचाळले. "गेलं! माझं बोट गेलं!"

त्यांनी मूठ सोडून दिली. पातं फळीत अडकलं, मोटार गुरगुरली. साडूनं झेप घेऊन बटण बंद केलं आणि वळून पाहिलं, तर मास्तरांच्या फिक्या पँटच्या खिशावर लाल ठिपका पसरत होता.

नंतर जो गोंधळ झाला, त्यात डोकं कुणाचंच चाललं नाही. बाई मटकन खाली बसली. साडू भुश्शात गुडघे टेकून बोट शोधू लागला. बोटं हलताहेत का, असं त्यानं तशातही विचारलं. पण मास्तरांना बोटंच काय, गुडघेही जाणवत नव्हते. शिवण उसवायची कुणाची हिंमत होईना, आत काय पाहावं लागेल या भीतीनं. शेजारच्या सरबतवाल्यानं बर्फ आणला. तेवढ्यात साडूच्या हाताला भुश्शात काहीतरी लागलं. लालसर, बोटाच्या पेराएवढं. त्यानं मान फिरवली, ते तसंच रुमालात गुंडाळलं, बर्फात ठेवलं आणि सगळ्यांना टेम्पोत घालून दवाखाना गाठला.

वाटेत बाई नवऱ्याचा खांदा धरून रडत होती. "मीच नको म्हणायला हवं होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मास्तर पांढरेफटक पडले होते. ते हळूच म्हणाले, "रविवारी काय सांगू गं लोकांना?" त्या एका वाक्यावर टेम्पो चालवणाऱ्या साडूच्याही डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरांनी आधी रुमाल उघडला. आत सुताराची लाल पेन्सिल निघाली, वापरून वापरून थोटकी झालेली. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि ही पुन्हा जोडता येणार नाही, असं गंभीरपणे सांगितलं.

एवढ्यात धाकट्या मुलीचा निरोप मिळून सासूबाई धापा टाकत आल्या. त्यांनी रडणारी लेक पाहिली, घामेजलेला धाकटा जावई पाहिला आणि मोठ्या जावयाचा शिवलेला खिसा पाहिला.

"हात कधीपासून खिशात आहे?"

"पहिल्यापासून," साडू म्हणाला. "यंत्र चालू करायच्या आधीच शिवला होता."

"मग करवत खिशात शिरली कुठून?"

मास्तरांनी साडूकडे पाहिलं, साडूनं बाईकडे आणि बाईनं जमिनीकडे.

सासूबाईंनी खिसा बाहेरून चाचपला. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला जो प्रश्न सगळ्यात आधी सुचावा, तो त्यांनी लेकीला विचारला. "सुई कुठाय?"

लेकीनं जीभ चावली. सासूबाईंनी शिवण उसवली आणि हात बाहेर ओढला. पाचही बोटं जागच्या जागी होती. मधल्या बोटाच्या टोकात सुई ऐटीत उभी होती, आणि तिच्यात अजून दोरा लोंबत होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी टोकावर एवढीशी पट्टी लावली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

रविवारचं वादन झालं. अवघड जागेत तीन सूर चुकले आणि तिन्हींचं खापर मास्तरांनी सुईवर फोडलं. बायको ते मुकाट्यानं ऐकून घेते. मात्र ती जागा सुई टोचायच्या आधीपासूनच चुकत होती, हे तिला पाठ आहे.

मांडणीही भिंतीवर लागली. तिसरी फळी नवी कापून देतो, असं साडू म्हणाला होता. सासूबाईंनी ती तशीच लावायला सांगितली. म्हणून ती एका बाजूला वीतभर बाहेर डोकावते आणि तिथं अर्ध्यावर थांबलेल्या कापाची खाच आहे. त्या खाचेत कापडाची पट्टी कोंबून सासूबाईंनी सगळ्या सुया ओळीनं खोचून ठेवल्या आहेत. पाहुण्यांनी विचारलं की त्या कौतुकानं सांगतात, "मोठ्या जावयानं मुद्दाम करून दिलीय. घरात आता सुई कुठं ठेवायची, ते कुणी विसरत नाही."