सुपडा मिस्तरीचा कोरू

सुपडा मिस्तरींकडे साधं पोळपाट जरी करायला टाकलं, तरी त्याच्यावर एक वेटोळं यायचंच. आमच्या पोळपाटावर ते इतकं खोल कोरलेलं होतं, की वर्षभर आम्ही शिक्का मारलेल्या पोळ्या खाल्ल्या. तक्रार केली, तर मिस्तरी म्हणाले, "मास्तर, पोटात गेल्यावर दिसते का तुम्हाले?"

मी तेव्हा मलकापुरात शाळामास्तर होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि हुकूम नागपुराहून यायचे. मिस्तरी दुसऱ्या महायुद्धात फौजेचे सुतार म्हणून पार इटलीपर्यंत जाऊन आले होते. बाकीचे तिकडून बूट, कांबळी, घड्याळं घेऊन आले. हे वेटोळं घेऊन आले.

त्याला कुणी जिलबी म्हटलं, की मिस्तरी रंधा खाली ठेवत.

"जिलबी नाही बे, कोरू हाये! टामानं हातवारे करू करू शिकवला मले. माओरी गडी, दूर समुद्रातल्या बेटावरचा. विहिरीच्या कपारीत ते बारीक पानाचं झुडूप उगवते ना, तसं त्यायच्याकडं झाडाएवढं होते. त्याचा कोंब असा मुठीसारखा मिटलेला राह्यते. मंग हळूहळू उलगडते. नवा जीव म्हणजे कोरू."

पुढे एक शोधही त्यांनी लावला होता. "त्यायची बोली आपल्या वऱ्हाडीची मावसबहीण हाये. नाहीतर कोरायच्या वस्तूले ते कोरूच काऊन म्हणतील?"

मी मराठीचा मास्तर. ही व्युत्पत्ती मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.

एकदा नव्या तहसीलदारांची खुर्ची त्यांच्याकडे दुरुस्तीला आली. परत गेली ती पाठीवर भलंमोठं वेटोळं घेऊन. "हा नाग कशाला काढला?" तहसीलदार ओरडले. मिस्तरींनी शांतपणे त्यांचं बोट धरलं. "बाहेरून आत या, सायेब. आता आतून बाहेर. काय भेटलं?"

"काही नाही!"

"भेटंल. घाई काऊन करता?"

भर कचेरीत तहसीलदार खुर्चीमागे उभे राहून बोट फिरवताहेत, हे मी स्वतः पाहिलं आहे. शिपाई तोंडात उपरणं कोंबून हसत होता.

त्याच वर्षी आमच्याकडे पाळणा हलायचा होता. मी मोठ्या हौसेनं मिस्तरींकडे पाळणा करायला टाकला. "कोरू एकच काढा," असं बजावलं. "बरं," म्हणाले, आणि चारही खुरांवर एकेक काढला.

मुलगी झाली. अर्धाच दिवस राहिली.

आठ दिवसांनी मी मिस्तरींच्या छपरीत गेलो. ते पाळण्याला तेल लावत होते. "मिस्तरी, पाळणा नको आता," मी म्हणालो. त्यांनी फडकं खाली ठेवलं, टोपी घातली आणि माझ्याबरोबर घरी आले.

ते ओट्यावर बसले. माझी बायको दाराआड होती. त्या दिवसापासून ती कुणाशी बोलली नव्हती.

"वैनी," मिस्तरी म्हणाले, "पोरीचं नाव काय ठेवणार होत्या?"

मी दचकलो. येणारा जाणारा प्रत्येक जण 'विसरून जा' म्हणत होता. हे कुणीच विचारलं नव्हतं.

आतून आवाज आला, "शालिनी."

"शालिनी," मिस्तरी सावकाश म्हणाले. "चांगलं नाव हाये."

मग खाली बघत ते बोलू लागले. "इटलीत मी पाय मोडून दवाखान्यात पडलो होतो. तवा घरून चिठ्ठी आली. बायको बाळंतपणात गेली, पोरगी झालती ते बी गेली. टामा बाजूच्या खाटेवर होता. त्याले माही बोली समजत नव्हती, मले त्याची. त्यानं चाकूनं एका फळीवर कोरू काढला आन् माहं बोट धरून त्याच्यावरून फिरवत बसला. चार दिवस. दुसरं काही बोललाच नाही."

टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"पोरीचं नाव ठेवलं होतं का नाही, ते चिठ्ठीत लिहिलंच नव्हतं. मी परत आलो तवा घरात सांगाले कोणी उरलं नव्हतं. मले आजून माईत नाही."

बायको दाराआडून बाहेर आली. "चहा ठेवते हं," म्हणाली, आणि तिथेच त्यांच्यासमोर ओट्यावर बसली. चहा ठेवायचं तिला आठवलंच नाही. आम्हीही आठवण करून दिली नाही.