लवू बागव्यांचं बंदर ठरेना

निलेशचा मुंबईहून फोन आला तेव्हा लवूभाऊ बागवे मसुऱ्याला घरापुढच्या खळ्यात सुपारी सोलत बसले होते. फोन संपला तरी तीच सुपारी हातात होती.

"बाबा, लग्नाच्या वाढदिवसाला तुम्हा दोघांना क्रूझवर पाठवतोय," मुलगा म्हणाला होता. "एका रात्रीचा प्रवास. मुंबईहून गोवा, नाहीतर गोव्याहून मुंबई. मुंबईला मोठी बोट दिलीय, अकरा मजली. गोव्याला धाकटी. कुठल्या बंदरातून चढायचं तेवढं ठरवा, मी तिकिटं काढतो."

"ठरवतो," लवूभाऊ म्हणाले.

आता एक गोष्ट वाचकांना आधीच सांगून टाकलेली बरी, कारण लवूभाऊंनी ती जन्मात कोणाला सांगितली नव्हती. त्यांना पाण्याची भीती वाटे. लहानपणी खाडीत होडीतून पडले होते, गुडघाभर पाण्यात, पण तेवढं पुरलं. त्यात दैवाने चेष्टा अशी केली की त्यांची सासुरवाडी निघाली देवबागची. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधे चिंचोळी वाळू आणि त्या वाळूवर मेव्हणे! मेव्हण्यांनी मासे मारायला बोलावलं की लवूभाऊंच्या पोटात दुखायला लागे. पस्तीसेक वर्षांत जावयाचं पोट नाजूक अशी त्यांची देवबागभर ख्याती झाली होती. ती त्यांनी आनंदाने पत्करली. जिथे चार वर्षांचं पोर होडीतून पाण्यात उडी मारतं, तिथे जावई पाण्याला भितो हे कळलं असतं, तर लोक त्यांच्या तेराव्यालासुद्धा हसले असते.

सावित्रीबाईंना तर बोटीचं नाव ऐकूनच हुरूप आला. लग्न होऊन किनाऱ्यावरून आत आल्या आणि भातशेती, काजू, आंबे यांत आयुष्य गेलं, पण मूळचं रक्त खाऱ्या पाण्याचं.

"गोव्यासूनच जावया," त्या म्हणाल्या. "जवळ पडता."

"पडता जवळ," लवूभाऊ म्हणाले, "पण बोट धाकटी. धाकटी बोट हलता फार. तुका चक्कर इली तर?"

"माका? देवबागच्या चेडवाक चक्कर?"

"वय झाला आता."

"मगे मुंबयसून जावया. मोठी बोट काय हलूची नाय."

"मोठी खरी. पण हयसून मुंबयक जावचा, आणि थयसून पाण्यातून परत हयच येवचा? ह्यो द्राविडी प्राणायाम सांगलो कोणी?"

लवूभाऊ ओरोसच्या एका कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. 'नाही' म्हणणं हे कच्च्या माणसाचं काम, हे ते तिथे शिकले होते. पक्का कारकून कधी नाही म्हणत नाही, तो शंका काढतो. लवूभाऊंनी शंका काढल्या. बोटीत डॉक्टर असतो का? असला तर तो झोपतो कधी? शाकाहाराची भांडी वेगळी असतात का? लवूभाऊ स्वतः सोमवार सोडला तर मासळीशिवाय जेवत नसत, पण शंका ती शंका. निलेश बिचारा बोटीच्या कंपनीत विचारून एकेका प्रश्नाचं उत्तर आणी, आणि त्या उत्तरातून दोन नवे प्रश्न बाहेर पडत. असा महिना गेला. लवूभाऊंची तब्येत सुधारली.

मग एके दिवशी पोरगा फोनवर ओरडलाच. "बाबा, काम झालं! कंपनीने बोटी बदलल्या. मोठी आता गोव्याला दिली, धाकटी मुंबईला. जवळचं बंदर आणि मोठी बोट. आता काय अडचण?"

लवूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. पण मुरलेला माणूस तो.

"म्हणजे बोटीची बदली झाली," ते म्हणाले.

"हो, तसंच समजा."

"बदलीचा हुकूम निघाला म्हणजे माणूस रुजू होतोच असं नाही, बाबा रे. आमच्या एका साहेबांची बदली तीनदा निघाली. शेवटी ते ओरोसातूनच निवृत्त झाले. बोट आधी रुजू होऊ दे."

बोट निमूटपणे रुजू झाली. तिने साहेबांसारखी वैद्यकीय रजा वगैरे काही टाकली नाही. सावित्रीबाईंनी फोटो पाहिला आणि पदर खोचला.

"रविवारी निलेशाक सांगलात नाय, तर मी एकटी जातलंय," त्या म्हणाल्या. "शिरा पडो तुमच्या इचारार! बंदर ठरवतास की चेडवाक सोयरीक बघतास?"

आता कोंडीत सापडलेल्या लवूभाऊंनी हुकमाचा एक्का काढला. "बोटीन जावचा म्हणजे वेस ओलांडूची. देवीक इचारूक नको?"

यावर सावित्रीबाईंनी खोचलेला पदर सोडला. वाडीत विहीर खणायची असो की पोराला आखाती देशात पाठवायचं असो, देवीचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नसे. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गावकर गाऱ्हाणं घालून देवीला प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लवूभाऊंचा हिशेब असा की देवीला आजवर भात, पाऊस, लग्न, आजार एवढेच विषय ठाऊक. क्रूझचं प्रकरण तिच्यापुढे प्रथमच येतंय. कोणीही जाणता अधिकारी अशा प्रकरणात नकारच देतो.

शुक्रवारी देवळात वीसेक माणसं जमली. धोंडू गावकरांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि आवाज लावला.

"बा देवी म्हाराजा! ह्या तुझा लेकरू लवू बागवे आपल्या बायलेवांगडा मुंबयच्या बंदरासून धाकटे बोटीर चढूक बघता. चढूचा काय नाय, ता सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

डावी पाकळी पडली. मग गोव्याचं बंदर आणि मोठी बोट यांचं गाऱ्हाणं झालं. पुन्हा डावी! लवूभाऊंनी देवीला असा साष्टांग घातला की त्यांना उठवायला दोघे लागले.

सावित्रीबाईंचे डोळे भरून आले होते. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या, मग एकदम पुढे आल्या. "गावकरानू, माझा एकटीचा इचारा बगूया."

धोंडू गावकरांनी विचारलं. त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी उजवी पाकळी खाली आली.

वीसेक माथी हळूहळू लवूभाऊंकडे वळली.

"म्हणजे बोटीत काय खोट नाय," धोंडू गावकर सावकाश म्हणाले. "बंदरातय नाय." उरले ते लवूभाऊ.

दुसऱ्या दिवसापासून लवूभाऊंचं पाप काय, यावर वाडीत संशोधन सुरू झालं. बाबलीच्या दुकानात तर दुसरा विषयच नव्हता. कोणी म्हणे, लवूने शेजाऱ्याच्या हद्दीचा दगडी गडगा हातभर आत सरकवला असणार. कोणी म्हणे, दुसऱ्याच्या काजी वेचल्या असणार. "गप माणूस. गप माणसाचा काय सांगूक येता?" असा बाबलीने शेरा मारला. लवूभाऊ साखर आणायला गेले की दुकान एकदम गप्प होई. घरीही तोच प्रकार.

"खरा सांगा," सावित्रीबाई म्हणाल्या. "काय केलात?"

"काय नाय गो केलंय!"

"देवी काय खोटा बोलतली?"

त्यात धोंडू गावकर घरी आले आणि चहा घेतल्यावर म्हणाले, "लवू, वायट वाटून घेव नको. पण ह्या प्रकरणाचो निकाल लागापर्यंत जत्रेत तू पालखीक खांदो लावू नको."

हे मात्र लवूभाऊंच्या काळजाला लागलं. पालखीचा पहिला खांदा बागव्यांचा. आज्याने लावला, बापाने लावला, त्यांनी स्वतः मिसरूड फुटल्यापासून लावला. आता जत्रेत सगळ्या गावासमोर त्यांनी बाजूला उभं राहायचं? खरं सांगावं तर देवबाग हसणार, न सांगावं तर मसुरं थुंकणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत पाणी! शेवटी पाण्याला भिणाऱ्या त्या माणसाला, बोटीत चढायला परवानगी दे म्हणून देवीला नवस बोलावा लागला.

दुसऱ्या कौलाला आख्खी वाडी लोटली. दुसऱ्याच्या पापाची चौकशी कोणाला चुकवायची असते? धोंडू गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या लवू बागव्यान कोणाचो गडगो सरकवल्यान आसात तर उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

डावी पाकळी पडली. म्हणजे गडगा त्यांनी सरकवला नव्हता. काजूंचं विचारलं. पुन्हा डावी. तेवढ्यात म्हाताऱ्या गुरवाला एक साधी शंका आली.

"पण गडगे तर सरकलेत. मगे ते कोणी सरकवल्यान, ता इचारूया काय?"

'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणाचंच तोंड उघडेना. बाबली देवळाचं छप्पर न्याहाळू लागला. धोंडू गावकरांना एकदम खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते घाईघाईने म्हणाले, "तो आजचो विषय न्हय. लवू आमचो गंगेसारखो माणूस, ता दिसलाच. आता ह्येका बोटीर जावक देवीन मोकळीक दिवची म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एवढ्या जोरात ओरडले की उजवी पाकळी लगेच पडली.

लवूभाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. निर्दोष सुटलेल्या माणसाचं असंच होतं, असं सगळ्यांचं मत पडलं.

बंदराचा प्रश्न मग उरलाच नाही. सावित्रीबाईंनी स्वतः निलेशला फोन करून गोवा सांगितलं. लवूभाऊंनी एकच मागणं मागितलं, खोली बिनखिडकीची हवी. वास्कोला उतरल्यावर त्यांनी औषधाच्या दुकानातून गाडी लागू नये म्हणून मिळतात त्या गोळ्या घेतल्या. दुकानदार म्हणाला अर्धी घ्या, लवूभाऊंनी दोन घेतल्या. बोटीची शिडी ते सावित्रीबाईंच्या पाठीवर नजर रोवून चढले, खोलीत शिरले आणि डोक्यावरून चादर ओढून देवाचं नाव घेत पडून राहिले. आता सुटेल, मग सुटेल, म्हणून वाट बघता बघता त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बोट जागच्या जागी उभी होती. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. सावित्रीबाईही खोलीत नव्हत्या. बोट अजून सुटली नाही म्हटल्यावर लवूभाऊंच्या अंगात बळ संचारलं. बस झालं, त्यांनी ठरवलं. उतरायचं! सावित्री जाऊ दे एकटी, देवीची तिला परवानगी आहेच. देवबागाला हसायचं तर हसू दे. त्यांनी पिशवी उचलली आणि माणसांचा लोंढा चालला होता त्यात घुसले.

दारापाशी पांढऱ्या कपड्यांतला एक अधिकारी उभा होता. लवूभाऊंनी कचेरीतली भाषा काढली. "साहेब, प्रकृतीच्या कारणास्तव मी प्रवास रद्द करत आहे. बोट सुटण्यापूर्वी मला उतरू द्यावं."

"काका," अधिकारी म्हणाला, "ही मुंबई आहे."

लवूभाऊंना त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. तोवर मागच्या माणसांनी त्यांना शिडीवर ढकललं होतं. मधोमध आल्यावर त्यांनी खाली पाहिलं. बोट आणि धक्का यांच्या फटीत हातभर रुंदीचं काळं पाणी डचमळत होतं. लवूभाऊंनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि ते जे थांबले ते थांबले. पुढे जाईनात, मागे येईनात. पाठीमागे रांग खोळंबली.

गर्दीतून वाट काढत सावित्रीबाई आल्या. "अहो, तुमका उठवून उठवून दमलंय मी. हय कित्या उभे रवलात? काय झाला?"

"सावित्री," लवूभाऊ पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "माका पाण्याची भीती वाटता. पयल्यापासून."

शिडीवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. सावित्रीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मागच्या अकरा मजल्यांकडे पाहिलं, मग खालच्या फटीकडे पाहिलं.

"आख्खो दर्यो पाठी टाकलात, आणि ह्या हातभर पाण्याक भितास?"

"तो टाकताना मी जागो खंय होतंय!"

सावित्रीबाई हसायला लागल्या. अशा हसल्या की त्यांनाही कठडा धरावा लागला. ज्या हसण्याला लवूभाऊ लग्नापासून भीत आले होते, ते हेच. ऐकायला ते काही वाईट नव्हतं. त्यांना स्वतःलाच हसू फुटायला लागलं.

"डोळे मिटा," सावित्रीबाई त्यांचा हात घट्ट धरत म्हणाल्या. "मी सांगतंय तसो पाय उचला."

खाली निलेश मोबाइल धरून उभा होता. आई-बाप बोटीतून उतरतानाचा व्हिडिओ त्याने तिथल्या तिथे सगळ्या नातेवाइकांना पाठवला. जेवणाच्या वेळेला देवबागाहून मेव्हण्याचा फोन आला. आता देवबाग हसणार हे धरूनच लवूभाऊंनी तो उचलला.

"भावजीनू, तुमी आमका तोंड दाखवूक जागा ठेवलात नाय," मेव्हणा कळवळून म्हणाला. "ह्या वयात बायलेचो हात धरून, डोळे मिटून, हसत हसत उतरतास! हय माझी बायल किशोरी सकाळपासून माका सांगता, 'बगा, शिका काय तरी भावजींकडसून!' आजूबाजूच्या बायकाय घोवांक तोच इडियो दाखवतत."

लवूभाऊंनी सावित्रीबाईंकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि पदर तोंडावर दाबून धरला होता.

"तसा काय नाय रे," लवूभाऊ घसा साफ करून म्हणाले. "माणसाक हौस लागता."