अवसेआधी निघालेला कंटेनर

पेणच्या कंटेनर टर्मिनलवर संगणक बसला आणि तिथला कारकून दिनानाथ याचं जेवण कमी झालं. डबा अर्धा परत येतोय हे त्याच्या बायकोच्या, नम्रताच्या, लगेच ध्यानात आलं. पण तिला तो काय सांगणार? मुंबईच्या मुख्य कचेरीतून आलेल्या हैबतरावसाहेबांनी संगणकाला हार घालता घालताच बजावलं होतं, की आता पेण, रोहा, मडगाव, नागपूर अशी सगळी टर्मिनलं टेलिफोनच्या तारेने जोडली गेली आहेत, कुठला कंटेनर कुठे आहे ते मला मुंबईत बसून दिसणार, आणि ज्याच्याकडे घोळ होईल त्याची बदली थेट नागपूरला. दिनानाथ सोलापूरला उमेदीची वर्षं एकट्याने खोली घेऊन काढून आत्ता कुठे घरी आला होता. नम्रता पेणच्याच शाळेत शिकवायची, तिची नोकरी काही हलणारी नव्हती. पुन्हा स्वतःच्या हातची खिचडी खायच्या कल्पनेनेच त्याची भूक मरायची.

त्यात गिरजाबाईंचा कंटेनर आला. गिरजाबाईंचा गणपतींचा कारखाना पेणमध्ये नावाजलेला. गोव्याला पाठवायच्या मूर्ती त्यांनी पेंढ्यात नीट बसवून कंटेनरमध्ये भरल्या होत्या. मुरादने तो आपल्या ट्रेलरने रोह्याला न्यायचा, तिथे मालगाडीवर चढवायचा आणि नव्या कोकण रेल्वेने मडगावला पोचवायचा, असा सरळ बेत होता. पण पेणला येतानाच मुरादच्या ट्रेलरच्या स्प्रिंगचा पाटा कासूजवळ तुटला, आणि इकडे दुपारी अमावास्या लागत होती.

“अवस लागल्यावर माजे गणपती घर सोडनार नाय,” गिरजाबाईंनी सांगून टाकलं. “आनि येळेत निगाले नाय तर तिकडची मानसं चवथीला काय पुजतील?”

मग बाईंनीच तोड काढली. माणसाला मुहूर्तावर निघता येत नसलं की त्याचं गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. झालं प्रस्थान! माणूस मागाहून सवडीने निघतो. गणपतींना तरी वेगळा नियम कशाला? क्रेनने कंटेनर उचलून फाटकाबाहेर, शेजारच्या भातगिरणीच्या अंगणात ठेवला. बाईंनी त्याच्यापुढे नारळ फोडला. दिनानाथला हायसं वाटलं, पण बाई जागच्या हलेनात.

“तुमच्या त्या मशीनमदी पन निगाला म्हना,” त्या म्हणाल्या. “आता सगली तेच बगतात ना?”

दिनानाथने विचार केला, कंटेनर फाटकाबाहेर आहे म्हणजे निघालाच की. त्याने निघाल्याची कळ दाबली.

रोह्याच्या टर्मिनलवर त्याचा मित्र नावेद होता. तिथल्या संगणकाने ही वार्ता कळताच मालगाडीत जागा धरली, आणि पेणचा कंटेनर आल्याशिवाय गाडीचे कागदच छापणार नाही म्हणून तो अडून बसला. गाडी खोळंबली, गार्ड येऊन नावेदच्या टेबलाशी उभा राहिला. नावेदने पेणला फोन लावला.

“कुठं हाय रे तुझा कंटेनर?”

“भातगिरणीत.”

“मशीन तर म्हनतं निघालाय.”

“निघालाय. म्हणजे, प्रस्थान ठेवलंय.”

नावेदने गार्डकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “गार्ड माझ्या मानेवर बसलाय. मी आला म्हनून दाबतो, चढवला म्हनून पन दाबतो. पुढचं तू बघ.” कागद छापले गेले आणि गाडी एक रिकामा डबा घेऊन निघून गेली.

दिवेलागणीला मुराद पाटा बसवून ट्रेलरसह हजर झाला. दिनानाथ गेटपास काढायला बसला, तर संगणक म्हणाला, असा कंटेनर पेणमध्ये नाही. रोह्यात पाहिलं, तिथेही नाही. संगणकाच्या हिशेबाने तो मालगाडीवर बसून कोलाडच्या पुढे गेला होता. खिडकीतून बघावं तर समोर भातगिरणीच्या अंगणात कोंबड्या त्याच्या आडोशाला निवांत बसलेल्या. उद्या मडगावला गाडीतून कंटेनर उतरणार नाही, मग गणपती चोरीला गेल्याची बोंब, मग पोलीस, मग नागपूर. दिनानाथला खरोखर रडू यायला लागलं.

मुरादला मात्र त्यात रडण्यासारखं काही दिसेना. “कंटेनर फाटकाबाहेर हाय ना? मग गेटपास कशाला पायजे?” तो म्हणाला. “मी सरळ मडगावलाच नेतो.”

क्रेनने कंटेनर ट्रेलरवर चढवला आणि मुराद गोव्याच्या रस्त्याला लागला. त्या रात्री दिनानाथ जेवलाच नाही. कशेडीच्या घाटात ट्रेलर उलटा होतोय, असंच त्याला दिसत राहिलं. पण मालगाडी क्रॉसिंगला थांबत थांबत मडगावला लागली, तेव्हा मुराद तिथल्या फाटकाशी चहा पीत उभा होता. कंटेनर कुठून आला याच्याशी तिथल्या माणसाला कर्तव्य नव्हतं. नंबर जुळला, त्यानेही पोचल्याची कळ दाबली.

दोनच दिवसांनी हैबतरावसाहेबांचा फोन आला. त्यांनी गिरजाबाईंच्या कंटेनरचं नाव काढताच दिनानाथचा धीर सुटला. कबूल केलं तर निदान बोलणी खाऊन सुटू, म्हणून त्याने अवस, पाटा, नारळ, गिरणी सगळं सांगितलं, फक्त नावेदचं नाव तेवढं गाळलं.

साहेब मनापासून हसले. “अहो, मला इथे स्क्रीनवर दिसतंय ना. पेणहून रोह्याला इतक्या लवकर माझी मोटारसुद्धा जात नाही.”

“साहेब, तो रोह्याला गेलाच नव्हता.”

“आपली मराठी माणसं या विनयानेच मागे पडतात,” साहेब म्हणाले. नागपूरचं टर्मिनल सगळ्यांत ढिलं आहे, तिथल्या लोकांना शिकवायला असाच माणूस हवा, आणि बढतीही आहे, असं त्यांनी आनंदाने सांगितलं. घरची अडचण सांगायला दिनानाथने तोंड उघडलं, पण साहेबांनी त्याला बोलू दिलं नाही.

“आता नाही म्हणून उपयोग नाही. पेणमधून मी तुमचं नाव काढलंय. संगणकात तुम्ही सकाळपासून नागपूरला हजर आहात.”

पेणच्या खुर्चीत बसलेल्या दिनानाथने “हो साहेब” म्हटलं आणि फोन खाली ठेवला.