ऐकणाऱ्या यंत्राचा पत्ता

ज्याला ऐकायचं आहे, त्याला आधी कुठेतरी बांधून घ्यावं लागतं. संसारात हे उशिरा कळतं, संगणकात पहिल्याच दिवशी शिकवतात. सर्व्हर प्रोग्रॅम लिहायचा, तो एका पत्त्याला बांधायचा (याला ‘बाइंड’ म्हणतात) आणि सांगायचं, बस ऐकत. तो बसतो. चहालाही उठत नाही.

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारी ऐकणारा सर्व्हर तिथे नोकरीला असलेल्या जावईबापूंनी (सासूबाई पुढे येतातच) लिहिला. चाचणीपुरता त्यांनी पत्ता दिला १२७.०.०.१. या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. त्यावर बांधलेला सर्व्हर फक्त स्वतःच्याच यंत्रातलं बोलणं ऐकतो. बाहेर कुणी कितीही कंठशोष करो. चाचणीनंतर ही ओळ बदलायची असते. ती राहून गेली.

निकाल अपूर्व होता. तिमाहीत तक्रारी शून्य. ग्राहकांचं समाधान शंभर टक्के वाढलं (आधी ते मोजत नसत). साहेबांनी सर्व्हरच्या खोलीबाहेर पाटी लावली : ‘शांतता राखा. ग्राहकांचं ऐकणं चालू आहे.’ मेकॅनिक मंडळी रिकामी बसून पत्ते कुटू लागली (हाही पत्त्यांचाच व्यवहार). जावईबापूंना बढती मिळाली आणि शून्यावर शंका घेणं त्यांनाही बरं वाटेना.

बायको गेल्यापासून ते दर रविवारी सासूबाईंकडे जेवायला जात. सातवा मजला, लिफ्ट बंद. त्या रविवारी ते धापा टाकत वर पोचले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. खाली कशी उतरू? दोर सोडता का?”

“तक्रार केलीत का, आई?”

“रोज करते. फोनवर ते गोल गोल फिरतं आणि गप्प बसतं.”

“आमच्याकडे तर काहीच आलं नाही.”

“माझी लेक सांगायची, यांना हाक मारली की ‘हं’ येतं, माणूस येत नाही. मी तिलाच रागवायचे, जावईबापू.”

जावईबापूंनी भात कालवला. मग जेवले. वाढलेलं सगळं.

सोमवारी त्यांनी ती एक ओळ बदलून ०.०.०.० केली. म्हणजे, ज्या दारातून येईल त्याचं ऐक. दुपारपर्यंत तक्रारींचा पूर आला आणि समाधान तळाला गेलं.

“सर्व्हर बिघडला,” साहेब म्हणाले.

“बिघडला नाही साहेब. त्याला ऐकू यायला लागलं.”

“तेच म्हणतोय मी. आधी चांगला चालला होता.”

तातडीने समिती बसली. तिचा निष्कर्ष : तक्रारींचं मूळ कारण ऐकणं हेच आहे. साहेबांनी फर्मावलं, “जुना पत्ता परत टाका. आजच्या आज.”

“हं,” जावईबापू म्हणाले.

आणि काहीही केलं नाही.

मेकॅनिकांनी नाइलाजाने डाव मोडला. बुधवारी लिफ्ट हलली, गुरुवारी सासूबाई तीत बसून खाली आल्या. साहेब अजून रोज पत्त्याचं विचारतात, जावईबापू रोज ‘हं’ म्हणतात. (ज्या ‘हं’पुढे बायकोने जन्मभर डोकं आपटलं, तो अखेर कुणाच्या तरी कामी आला. हे सांगायला आता ती नाही.)

असे लोक असतात खरे. आणि हो, तुम्ही हे वाचत होता तेव्हा आतल्या खोलीतून तुम्हाला दोनदा हाक आली. तुम्ही ‘हं’ म्हणालात.