आओरीता म्हणजे कधी

इंजिनियर एवारिस्तो कांतू यांनी व्यासपीठावर उभ्या उभ्या आपल्या कोटावरचा माईक बंद केला, आणि त्यांच्या शेजारी उभा असलेला रादामेस पोलांको आणखी जवळ सरकला. बोलण्यासाठी बोलावलेला माणूस आपण होऊन माईक बंद करतो, तेव्हा तो बोलण्यापेक्षा वाईट काहीतरी करणार असतो.

"इंजिनियरसाहेब, काय करताय?" रादामेसने ओठ न हलवता विचारलं.

"विश्वास ठेव, मित्रा," कांतू म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

समोर सांतो दोमिंगोच्या आल्बा बचत बँकेचं संचालक मंडळ बसलं होतं. मधल्या खुर्चीत अध्यक्षा मिलाग्रोसबाई, सगळ्यांच्या 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब मिलाग्रोस, हातात काळा पंखा. सभागृहात एसी चालू असला तरी त्या पंखा हलवत. यंत्रावर संपूर्ण भरवसा टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि रादामेसचं सगळं दुखणं तिथेच होतं. तो बँकेचा तंत्रज्ञान विभाग चालवत होता. तळमजल्यावर एक जुना सर्व्हर होता, एक नवा. गेली दोन वर्षं दोघं बैलजोडीसारखे एकत्र जुंपलेले होते, कारण जुना बंद करायला दोन्या मिलाग्रोस तयार नव्हत्या. "चालतोय ना? मग चालू दे की, मुला," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. जुन्याची दुरुस्ती करून करून विभाग मेटाकुटीला आला होता. आज मतदान होतं. मत बाजूने पडलं तर जुना सर्व्हर निवृत्त. विरुद्ध पडलं तर सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे, आणि रादामेस आपल्या माणसांसकट घरी.

म्हणून तर त्याने मेक्सिकोतल्या मॉन्टेरेहून कांतूंना बोलावलं होतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या तंत्रज्ञान प्रमुखांनी कसं वागावं, यावर ते गावोगाव व्याख्यानं देत. त्यांचं सूत्र एकच होतं: नेत्याचा शब्द आखूड असावा आणि त्याचा अर्थ एकच असावा. सकाळी त्यांनी सर्व्हर रूमचा फोन नंबर मागून घेतला होता. "तुझ्या माणसांचे आभार मानीन म्हणतो," असं म्हणाले होते. रादामेसला ते ऐकून गहिवरून आलं होतं.

"हॅलो, कोण? चिची? मी कांतू. तुझे साहेब इथे माझ्या शेजारी उभे आहेत," कांतू फोनवर दबक्या आवाजात म्हणाले. "तो जुना सर्व्हर आहे ना, बंद करून टाक. आओरीता."

फोनमधून सर्व्हर रूम सांभाळणाऱ्या चिचीचा आवाज आला. तोंडात घास होता. "हो साहेब. आओरीता."

कांतूंनी माईक चालू केला. "बाईंनो आणि सद्‌गृहस्थहो! गेली दोन वर्षं जो सर्व्हर बंद करायला तुम्ही घाबरत होता, तो आत्ता, या क्षणी बंद झालेला आहे. कोणाला काही जाणवलं?"

दोन्या मिलाग्रोसचा पंखा थांबला. मग त्यांनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर बँकेच्या शाखांचे आकडे मुकाट पुढे सरकत होते. त्यांनी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

रादामेस मात्र टाळी वाजवू शकला नाही. आधी त्याचा जीव गेला, मग थोडा परत आला, आणि मग पुरता गेला. कारण फोनवर त्या दोघांचं अगदी एकमत झालं होतं, शब्दसुद्धा एकच वापरला होता, फक्त कांतू मॉन्टेरेचे होते आणि चिची सांतो दोमिंगोचा. मेक्सिकोत हा शब्द कधी कधी ताणला जातो हे खरं, पण मॉन्टेरेत साहेबाने हुकूम म्हणून 'आओरीता' म्हटलं की हातातलं टाकून उठायचं असतं. सांतो दोमिंगोत 'आओरीता' म्हणजे आज केव्हातरी. जेवण झाल्यावर. ऊन उतरल्यावर. 'आलोच' म्हणणारा माणूस जसा येतो, तसं.

म्हणजे जुना सर्व्हर अजून चालू होता. आणि तो बंद होणार होता, पण केव्हा, हे फक्त चिचीच्या जेवणाला ठाऊक होतं.

त्यात आजचा दिवस डिसेंबरातल्या दुहेरी पगाराचा. खाली काउंटरपुढे अर्धं शहर लोटलं होतं. नवा सर्व्हर एकट्याने एवढा भार पेलेल असं रादामेस दोन वर्षं छातीठोकपणे सांगत आला होता. आता ते खरं ठरवायची वेळ आली, तेव्हा छाती कुठे आहे ते त्याला सापडेना.

टाळ्या चालू असतानाच तो पायऱ्या उतरून पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या नुरीसकडे गेला. नुरीस त्याची सेक्रेटरी. विभागातलं सगळं तिला आधी कळायचं आणि त्याला नंतर.

"नुरीस, खाली पळ. चिचीला सांग, कशाला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही."

"पण साहेब, सर्व्हर तर बंद झालाय ना? आत्ता टाळ्या वाजवल्या आपण."

"कांतू त्याला 'आओरीता' म्हणालेत."

नुरीसने छातीवर क्रूसाची खूण केली, पायातल्या उंच टाचांच्या चपला हातात घेतल्या आणि ती दाराकडे पळाली.

इकडे कांतूंनी रादामेसला परत वर बोलावून खांद्यावर हात टाकला. "हा पाहा धैर्यवान माणूस! बोल मित्रा, त्या क्षणी तुला काय वाटलं?"

"मला..." रादामेस म्हणाला, "मला शब्दच सुचले नाहीत."

"नम्रता!" कांतू गरजले.

दोन्या मिलाग्रोस उठून उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या की मंडळ आपोआप उभं राहत असे.

"छान बोललात, इंजिनियर," त्या म्हणाल्या. "पण मला तो बघायचाय."

"काय बघायचंय, दोन्या?" रादामेसने विचारलं.

"जुना सर्व्हर, मुला. एवढी वर्षं आपल्याकडे राबला. माझ्या हाताने फीत कापली होती त्याची. कोणी गेलं की आपण शेवटचं दर्शन घेतो की नाही? चला, सगळेच चला. मतदान तिथेच घेऊ, त्याच्यासमोर."

रादामेसच्या डोक्यात हिशोब उलटा फिरला. मंडळ खाली पोचलं आणि जुना सर्व्हर दिवे लुकलुकवत उभा दिसला, तर धडधडीत फसवणूक. मग मत तर जाईलच, वर अब्रूही जाईल. म्हणजे मंडळ पोचायच्या आत तो खरंच बंद व्हायला हवा होता. आणि नुरीस तर हात लावू नको म्हणून सांगायला गेली होती.

लिफ्टमध्ये तो मागच्या कोपऱ्यात सरकला आणि त्याने नुरीसला फोन लावला.

"सांगितलं का?"

"सांगितलं साहेब, दाराबाहेरून. त्याने आतून कडी लावलीय, फोनही उचलत नाहीये. म्हणे जेवताना कोणी आलेलं चालत नाही."

"आता सांग, बंद कर म्हणावं."

"अहो, आत्ताच तर नको म्हणाला होतात!"

"आता हवंय."

"आता म्हणजे आत्ता, की आओरीता?"

"आत्ता!" रादामेस ओरडला. लिफ्टमधली सगळी डोकी मागे वळली.

"घरून फोन आहे," तो म्हणाला. "बायको."

"बायकोशी असं बोलतोस?" दोन्या मिलाग्रोसनी विचारलं.

तळमजल्यावर गर्दीतून वाट काढत सगळे निघाले. सर्व्हर रूम काउंटरांच्या मागे होती. आणखी थोडा वेळ मिळाला तर बरं, असं रादामेस मनात म्हणतो तोच दोन्या मिलाग्रोस एका काउंटरपाशी थांबल्या.

"माझ्या खात्यातले थोडे पेसो काढ गं राणी," त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या. "बघू तरी, जुना गेल्यावर हा नवा देतोय का."

मुलीने बटणं दाबली. रादामेस तिच्या बोटांकडे बघत होता. नुरीसने निरोप दिला असेल, चिचीने ऐकला असेल, तर जुना याच क्षणी बंद होत असेल. आणि नवा पडायचा असला, तर याच क्षणी पडेल, अध्यक्षाबाईंचा हात पुढे असताना. मुलीच्या पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. ते फिरतच राहिलं. रांगेतला एक म्हातारा पुटपुटला, "झालं, मोठ्यांचं आलं की आमचं अडलं." कांतू हसत होते. मॉन्टेरेत बहुधा असंच हसतात.

चक्र थांबलं. मशीनने नोटा बाहेर ढकलल्या.

"दिले की," दोन्या मिलाग्रोस म्हणाल्या. प्रथमच त्यांच्या आवाजात आदर होता. त्यांनी नोटा पर्समध्ये टाकल्या आणि मोर्चा सर्व्हर रूमकडे वळवला.

दाराशी नुरीस अनवाणी उभी होती. रादामेसने भुवयांनी प्रश्न केला. तिने खांदे उडवले. तेवढ्यात आतून कडी निघाली आणि चिची दारात आला. निवृत्तीला टेकलेला गलेलठ्ठ माणूस, हात पुसत होता. आतल्या टेबलावर केळीच्या पानाची उघडी पुरचुंडी होती आणि खोलीभर नाताळात मांस भरून पानात उकडतात त्या वाफाळत्या पास्तेलचा वास सुटला होता.

"कुठे आहे तो?" दोन्या मिलाग्रोसनी विचारलं.

चिचीने डावीकडे बोट दाखवलं. रादामेसने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याला काळं, निपचित कपाट दिसलं. एकही दिवा नव्हता. शेजारी नवा मात्र दिवाळीसारखा लखलखत होता.

दोन्या मिलाग्रोसनी जुन्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला. "थंडगार पडलाय. इतक्या लवकर?"

"चांगलं यंत्र असंच असतं, दोन्या," कांतू म्हणाले. "हुकूम स्पष्ट असला की लगेच ऐकतं."

"आणि ही?" दोन्या मिलाग्रोसनी नव्याच्या डोक्यावरची आल्ताग्रासिया मातेची छोटी तसबीर दाखवली. "ही जुन्यावर होती. मी स्वतः ठेवली होती."

"जिथे काम चालू, तिथे माता, दोन्या," चिची म्हणाला.

हे उत्तर अध्यक्षाबाईंना कांतूंच्या अख्ख्या व्याख्यानापेक्षा जास्त पटलं. त्यांनी हात वर केला. त्यांचा हात वर गेलेला पाहून मंडळाचे सगळे हात वर गेले. ठराव मंजूर झाला. मंडळ कॉफी प्यायला गेलं, कांतू आपली बॅग आणायला गेले, नुरीस चपला घालायला गेली, आणि रादामेसने चिचीला मिठी मारली.

"जिंकलास रे! म्हणजे तू त्यांचा 'आओरीता' बरोबर ओळखलास. फोन ठेवलास आणि बंद केलास!"

"काय बंद केलं, साहेब?"

"जुना सर्व्हर."

"तो? तो शनिवारीच गेला. धूर आला, ठस्स झालं, संपला. तेव्हापासून नवा एकटाच ओढतोय. अन् मस्त ओढतोय."

रादामेस खुर्चीत बसला. "पण तू रोज सकाळी मला सांगायचास, सगळं चालू आहे म्हणून!"

"चालूच होतं ना. तुम्ही त्या मेक्सिकन साहेबांच्या गडबडीत होता, म्हटलं बाकीचं सांगू."

"कधी सांगणार होतास?"

"आओरीता."

रादामेसने टेबलावरचा पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. मग त्याला एक गोष्ट आठवली, आणि त्याने ग्लास खाली ठेवला.

"चिची, कांतूंनी बंद करायला सांगितलं, तेव्हा तू 'हो' म्हणालास. जुना तर मेलेला होता. मग तू कशाला 'हो' म्हणालास?"

"त्याचाच विचार करत होतो की जेवताना. म्हटलं, मेलेल्याला बंद कर असं एवढा शिकलेला माणूस कशाला सांगेल? त्यांना उरलेला म्हणायचा असेल. बाहेरचे लोक, त्यांना काय ठाऊक जुना कुठला अन् नवा कुठला. मग नुरीस आली, म्हणे हात लावू नको. बरं म्हटलं. मग परत आली, दार बडवायला लागली, बंद कर, बंद कर, साहेब म्हणतायत. मग मात्र माझी खात्रीच पटली."

"कसली खात्री?"

"हाच बंद करायचाय म्हणून." चिचीने नव्या सर्व्हरच्या लखलखत्या दिव्यांकडे पाहिलं, तसबिरीला मान लववली आणि पास्तेलचा उरलेला तुकडा पानावर सरकवला. "उठलोच होतो. पण हाताला तेल होतं. नुरीस बाहेरून ओरडली, कधी करतोयस? मी म्हटलं, आओरीता."

रादामेसने बाहेर पाहिलं. दाराच्या फटीतून काउंटर दिसत होते. दुहेरी पगार घेऊन लोक हसत बाहेर पडत होते, आणि रांगेतला मघाचा म्हातारा नोटा पुन्हा पुन्हा थुंकी लावून मोजत होता.

दार उघडून कांतूंनी डोकं आत घातलं. विमानाची वेळ होत आली होती. "मित्रा, तुझ्या बँकेचा किस्सा मी पुढच्या प्रत्येक भाषणात सांगणार. एक शब्द, एक अर्थ! बरं, विमानतळाला न्यायची गाडी कधी येतेय?"

ड्रायव्हर समोरच्या खानावळीत डॉमिनो खेळत होता, आणि डाव अर्ध्यावर होता. रादामेसच्या मनात कपट नव्हतं. जे खरं होतं तेच त्याने आपल्या भाषेत सांगितलं.

"आओरीता, इंजिनियरसाहेब."

कांतूंनी समाधानाने मान हलवली, बॅग उचलली आणि ते भराभर चालत फाटकाबाहेर, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. चिचीने दाराला आतून कडी घातली, केळीच्या पानाची दुसरी पुरचुंडी सोडली आणि साहेबांसमोर सरकवली.