उकिरड्याची जागा

पुष्पांजलीच्या साक्षगंधाचा मुहूर्त ठरताच तिच्या आजीने, मनकर्णाबाईंनी, पहिला हुकूम सोडला तो उकिरड्याविषयी. मागच्या स्थळाने घरासमोरचा तो ढीग पाहून नाकाला रुमाल लावला होता आणि चहाही न घेता नकार कळवला होता. हे स्थळ त्यांना गमवायचे नव्हते. त्यांचा मुलगा निवृत्ती याने आदल्या दिवशी उकिरडा ट्रॉलीत भरून घरामागच्या मोकळ्या पट्ट्यावर टाकला. त्या पट्ट्याखालून गॅसची पाइपलाइन गेली होती. तिथे खणण्यास व झाडे लावण्यास मनाई असल्याचा फलक होता. उकिरड्याविषयी फलक काही म्हणत नव्हता.

वरवट बकालहून नवरदेवाकडची मंडळी पुष्पांजलीच्या गावी, उंद्रीत, वेळेवर पोहोचली. अंगण पाहून व्याही जानराव प्रसन्न झाले. पंगतीसाठी कणकेचे रोडगे भाजायला गोवऱ्यांची आर पेटली. अंगठीची डबी उघडली, तोच नवरदेव शिवम पाटावरून उठला. पाइपलाइनवर देखरेख ठेवणे ही त्याचीच नोकरी होती. पट्ट्यालगतच्या खांबावरील सेन्सरने गळतीचा इशारा थेट त्याच्या मोबाइलवर धाडला होता.

"आजी, आर इझवा! गॅस गळून राह्यला."

"अन् पाहुण्यायले काय हवा वाढू? मले त काही वास येत नाही."

"या गॅसले वासच नसते, आजी."

"मंग तुले कसा समजला?"

आर विझवायला लावून शिवमने गाडीतून गॅस शोधण्याचे यंत्र काढले आणि तो घरामागे निघाला. त्याच्यामागे जानराव, त्यांच्यामागे सारे पाहुणे. यंत्र पाइपवर गप्प राहिले आणि उकिरड्यापाशी येऊन किंचाळू लागले. जरीच्या साड्या व इस्त्रीचे सदरे उकिरड्याभोवती गोलाकार उभे राहिले.

"निवृत्ती, हे कोनं टाकलं रे इथं?" मनकर्णाबाईंनी कडक आवाजात विचारले.

निवृत्तीने आईकडे पाहिले.

"पाइप शाबूत हाय," शिवम म्हणाला. "ढीग उलथला म्हून त्यातलाच गॅस सुटला. पन हा इथून हालल्याबिगर इशारा थांबत नाही, अन् आर पेटवता येत नाही."

पाहुण्यांना भूक लागली होती. त्यांनीच बाह्या सारल्या. उकिरड्यासाठी खणलेला खड्डा घरासमोरचा एकच होता; त्यामुळे ढीग पुन्हा, होता तिथेच, जाऊन बसला. आर पुन्हा पेटली, शिवमने हात धुतले, पुष्पांजलीला अंगठी घातली, आणि पंगत उकिरड्याकडे तोंड करून बसली.

जानराव बराच वेळ तिकडे पाहत होते. रुमाल निघतो की काय, म्हणून मनकर्णाबाई त्यांच्या खिशाकडे पाहू लागल्या.

"बाई, येवढं कुजलेलं खत आमच्याकडं पाहाले भेटत नाही. येक ट्रॉली वरवटले धाडता काय?"

मनकर्णाबाईंनी पदर सावरला आणि व्याह्यांच्या पानात आणखी एक रोडगा वाढला.

"जानराव, आमच्या घरात हुंडा देत नसतेत."